कळपाचा राखणदार : मेंढपाळाचा कुत्रा कसा घडतो?



१७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबिया देशातून आठ चित्ते घेऊन एक विमान आपल्या ग्वाल्हेरच्या हवाई तळावर उतरले, ही गोष्ट आपल्या सर्वांना ठाऊक आहे. तेथून हेलिकॉप्टरने हे चित्ते श्योपूर जिल्ह्यातील कुनो राष्ट्रीय उद्यानात नेण्यात आले. पुढे १८ फेब्रुवारी २०२३ रोजी दक्षिण आफ्रिकेतून आणखी बारा चित्ते आले. त्या दिवसांत वर्गावर्गांत चित्त्याचीच चर्चा होती. तो किती वेगाने धावतो, काय खातो, त्याच्या अंगावर किती ठिपके असतात, असे प्रश्न मुले विचारीत असत.

परंतु एक प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. जंगलाच्या कडेला ज्यांच्या शेळ्या-मेंढ्या चरतात, त्यांनी काय करावे? चित्त्याला उद्यानाची सीमा कळत नाही. तो बाहेर येतो आणि कधी वासरू, कधी शेळी उचलतो. बिबट्या, लांडगा आणि तरस तर आपल्या भागात पूर्वीपासूनच आहेत. ज्याच्या घरी दहाच शेळ्या आहेत, त्याची एक शेळी गेली तरी मुलांच्या वह्या-पुस्तकांचे पैसे गेले असे समजावे. अशा वेळी माणूस रागाने काठी, दगड, आणि कधीकधी विषही हाती घेतो. मग जनावर मरते आणि माणूसही गुन्हेगार ठरतो.

या प्रश्नावर माणसाने हजारो वर्षांपूर्वी एक उपाय शोधला. तो म्हणजे कळपातच वाढविलेला राखणदार कुत्रा. या अंकातील अभ्यासलेखात आम्ही या कुत्र्याची माहिती देत आहोत. हा विषय प्राणिशास्त्राचा आहे, भूगोलाचा आहे, आणि आपल्या मराठी परंपरेचाही आहे.

हाकणारा कुत्रा आणि राखणारा कुत्रा

मेंढपाळांकडील कुत्रे दोन प्रकारचे असतात. सिनेमात आपण काळापांढरा, चपळ कुत्रा पाहतो. तो मालकाच्या शिटीवर मेंढ्यांना इकडून तिकडे वळवितो. इंग्लंड-स्कॉटलंडकडील बॉर्डर कॉली हा असा कुत्रा आहे. तो मेंढ्यांना हाकतो. मेंढ्यांकडे तो एकटक रोखून पाहतो, दबा धरतो, मागे धावतो. हे सारे शिकारी प्राण्याचेच वागणे आहे, फक्त शेवटचा चावा तेवढा गाळलेला आहे. म्हणून मेंढ्या त्याला भितात, आणि भितात म्हणून पुढे चालतात.

राखणदार कुत्र्याचे काम याच्या अगदी उलट आहे. तो मेंढ्यांना हाकत नाही, त्यांच्यात राहतो. मेंढ्या त्याला भीत नाहीत, त्याला टेकून बसतात. तो दिवसा बराच वेळ झोपलेला दिसतो. नवख्या माणसाला वाटते, हा आळशी आहे. पण सूर्य मावळला की तो उठतो, कळपाभोवती फेऱ्या घालतो, वास घेतो आणि भुंकतो.

असे कुत्रे जगात अनेक ठिकाणी आहेत. तुर्कस्तानात कांगल, इटलीत मरेम्मा, फ्रान्स-स्पेनच्या सीमेवरील पिरेनीज पर्वतात तेथील मोठा पांढरा कुत्रा. आपल्या देशात जम्मू-काश्मीरच्या बकरवाल लोकांजवळ बकरवाल कुत्रा आहे आणि हिमाचलातील गद्दी लोकांजवळ गद्दी कुत्रा आहे. बिबट्या कुत्र्याची मान धरतो, म्हणून पहाडात या कुत्र्यांच्या गळ्यात टोकदार खिळ्यांचा लोखंडी पट्टा घालतात. गद्दी कुत्र्याला कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने देशी जात म्हणून मान्यता दिली आहे.

यांतील पुष्कळसे कुत्रे पांढरे का असतात? कोलुमेला नावाच्या रोमन लेखकाने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी याचे कारण लिहून ठेवले आहे. पहाटेच्या किंवा सायंकाळच्या अंधुक उजेडात मेंढपाळाने आपल्याच कुत्र्याला लांडगा समजून मारू नये, म्हणून मेंढपाळाचा कुत्रा पांढरा असावा, असे त्याचे म्हणणे आहे.

आपल्या धनगरांचा वाडा

आता महाराष्ट्राकडे वळू. सातारा, सांगली, सोलापूर, पुणे आणि अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) या जिल्ह्यांच्या कोरड्या भागांत धनगर समाज मेंढ्या पाळतो. फलटण, माण, आटपाडी, जत, सांगोला ही नावे आपल्यापैकी काहींच्या आजोळची असतील. पावसाळ्यात या माळरानावर गवत असते, तेव्हा धनगर आपल्या गावी असतात. दसरा-दिवाळीनंतर चारा आटतो आणि कळप बाहेर पडतात. काही घाट उतरून कोकणात जातात, काही पुण्याच्या बाजूस येतात. जूनमध्ये पाऊस सुरू होण्याच्या सुमारास ते परत फिरतात.

काही कुटुंबे मिळून एकत्र चालतात. त्या समूहाला वाडा म्हणतात. घोड्यांच्या पाठीवर बिऱ्हाड असते. रात्री शेतकऱ्याच्या मोकळ्या रानात मेंढ्या बसवितात. लेंडीखत शेताला मिळते आणि त्याच्या मोबदल्यात धनगराला धान्य अथवा पैसे मिळतात. मेंढ्यांभोवती जाळे उभे करतात, त्याला वाघर म्हणतात. पण जाळ्याने लांडगा थांबत नाही. त्याला थांबवितो तो कुत्रा.

धनगरी कुत्रा ही एकाच मापाची, एकाच रंगाची ठरावीक जात नव्हे. कोणी उंच, सडपातळ, कोणी भरदार, कोणी तपकिरी, कोणी काळा. वाड्यातल्या ज्या कुत्रीने चांगली राखण केली, तिची पिल्ले ठेवावयाची, ही निवडीची रीत. कुत्री वाड्यातच विते. मोठ्या मेंढ्या दिवसभर चरावयास जातात तेव्हा लहान कोकरे तळावर मागे राहतात, आणि पिल्लेही तळावरच असतात. कोकरू आणि पिल्लू एकमेकांच्या अंगावर पडत, एकाच सावलीत झोपत मोठी होतात. धनगर कोणते पुस्तक वाचून पिल्लाला शिकवीत नाही. वाड्याचे जगणेच त्याला शिकविते. हे जगणे कसे आहे, याचा अभ्यास गुंथर सोंथायमर या जर्मन विद्वानाने अनेक वर्षे महाराष्ट्रात राहून केला. बिरोबा, म्हसकोबा व खंडोबा या दैवतांवरील त्यांचा जर्मन ग्रंथ १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला.

आपल्या घरांतही या परंपरेच्या खुणा आहेत. चंपाषष्ठीला आपण वांग्याचे भरीत आणि रोडग्याचा नैवेद्य करतो, तळी भरतो, आणि त्यातला घास कुत्र्याला घालतो. हे का, असे मुले विचारतात. खंडोबाजवळ घोडा आणि कुत्रा असतो. खंडोबाची दुसरी पत्नी बाणाई ही धनगराची लेक. मेंढपाळांच्या देवाजवळ कुत्र्याला मान मिळावा, हे साहजिकच आहे. जेजुरीजवळच्या होळ गावचे मल्हारराव होळकर (१६९३–१७६६) धनगर कुटुंबातलेच होते. त्यांचा मृत्यू आपल्या शेजारच्या भिंड जिल्ह्यात आलमपूर येथे झाला आणि तेथे अहिल्याबाईंनी त्यांची छत्री बांधविली. सहलीला जाताना आपण ही छत्री अवश्य पाहावी.

ग्वाल्हेरच्या आसपासही मेंढपाळ आहेत. येथील पाल-बघेल समाज पूर्वापार हा व्यवसाय करीत आला आहे. शिवाय राजस्थानातील रेबारी (रायका) लोक मेंढ्यांचे मोठे रेवड आणि उंट घेऊन चाऱ्यासाठी मध्यप्रदेशात येतात. रस्त्याच्या कडेने चाललेले त्यांचे उंट आपण पाहिले असतील. पुढच्या वेळी उंटाबरोबरच कळपातला कुत्राही पाहा.

डार्विनने काय पाहिले?

चार्ल्स डार्विन हे नाव वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना माहीत आहे. तरुणपणी तो जहाजाने जगप्रवासाला निघाला होता. १८३३ मध्ये आज ज्याला उरुग्वे म्हणतात त्या प्रदेशात त्याने असे कळप पाहिले की, ज्यांच्याजवळ मैलोन्‌मैल एकही माणूस नाही, फक्त एकदोन कुत्रे आहेत. त्याला आश्चर्य वाटले आणि त्याने चौकशी केली.

तेव्हा त्याला कळले की, पिल्लाला फार लहानपणी आईपासून वेगळे करतात. दिवसातून तीन-चार वेळा त्याला मेंढीचे दूध पाजतात. मेंढ्यांच्या गोठ्यात त्याच्यासाठी लोकरीचे अंथरूण करतात. दुसऱ्या कुत्र्यांत किंवा घरच्या मुलांत त्याला मिसळू देत नाहीत. मोठे झाल्यावर हा कुत्रा कळप सोडून जात नाही. तो रोज मांसाचा तुकडा घेण्यासाठी घरी येतो, तेव्हा घरची कुत्री त्याला भुंकून पळवितात आणि तो शेपूट घालून पळतो. पण कळपाजवळ पोहोचताच तो वळून उभा राहतो आणि भुंकतो, तेव्हा तीच घरची कुत्री माघारी पळतात.

डार्विनच्या या निरीक्षणात एक मोठी गोष्ट आहे. कुत्रा तोच, पण घराच्या दारात तो परका आहे आणि कळपात तो घरचा आहे. त्याचे बळ दातांत तेवढे नाही, जेवढे आपलेपणात आहे.

पहिले बारा आठवडे

हा आपलेपणा कोठून येतो? ऑस्ट्रियातील शास्त्रज्ञ कॉनराड लॉरेन्झ यांनी दाखविले की, अंड्यातून बाहेर आलेले हंसजातीचे पिल्लू सुरुवातीच्या काही तासांत जी हलणारी वस्तू पाहील तिच्या मागे चालू लागते. त्यांना १९७३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. कुत्र्याच्या बाबतीत हा काळ तासांचा नसून आठवड्यांचा असतो. अमेरिकेतील स्कॉट आणि फुलर या दोन संशोधकांनी अनेक वर्षे पिल्लांचा अभ्यास करून १९६५ मध्ये ग्रंथ लिहिला. त्यांच्या मते साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ पिल्लाच्या नात्यांचा काळ आहे. या काळात ज्यांच्याबरोबर ते राहील, ती त्याची माणसे किंवा त्याची मेंढरे. हे दार नंतर अगदी बंद होत नाही, पण अरुंद होते.

१९७० च्या दशकात रेमंड आणि लोर्ना कॉपिंजर या पतिपत्नींनी अमेरिकेतील हॅम्पशायर कॉलेजात राखणदार कुत्र्यांचा मोठा प्रकल्प हाती घेतला. त्यांनी युरोप व तुर्कस्तानातून कुत्रे आणविले, त्यांची पिल्ले शेतकऱ्यांना दिली आणि वर्षानुवर्षे नोंदी ठेविल्या. त्यांनी चांगल्या राखणदाराचे तीन गुण सांगितले. पहिला, विश्वासूपणा, म्हणजे तो कळपातल्या जनावराला इजा करीत नाही. दुसरा, लक्ष, म्हणजे कळप जेथे जाईल तेथे तो जातो. तिसरा, रक्षण, म्हणजे परके जनावर आले की तो मध्ये उभा राहतो. क्रम महत्त्वाचा आहे. पहिले दोन गुण नसतील तर तिसऱ्याचा उपयोग नाही. जो कुत्रा शूर आहे पण कोकराचे कान चावतो, तो राखणदार नव्हे.

पिल्लू कळपात कसे वाढवावे?

वेगवेगळ्या देशांतील मेंढपाळांचा अनुभव आणि अभ्यासकांच्या नोंदी पाहिल्या, तर रीत साधारण अशी दिसते.

१. पिल्लाचे आईबाप राखण करणारे असावेत. सुमारे आठ आठवड्यांचे झाल्यावर पिल्लू नव्या कळपात आणावे. त्यापूर्वी ते आई आणि भावंडांत राहणे चांगले. कुत्र्यांची भाषा आणि चाव्याचा जोर किती ठेवावा, हे ते तेथेच शिकते.

२. सुरुवातीस पिल्लाला साऱ्या कळपात सोडू नये. गोठ्यातच एक लहान कुंपण करावे. त्यात चार-सहा शांत मेंढ्या किंवा कोकरे असावीत, आणि एक असा आडोसा असावा की जेथे पिल्लू शिरू शकेल पण मेंढी शिरणार नाही. मेंढीने ढुशी मारली तर पिल्लाला पळून बसावयास जागा हवी. मात्र त्या ढुशीने ते अदबही शिकते.

३. माणसाने पिल्लाला हात लावावा, पण घरात नेऊ नये. जुन्या काळी माणसाचा स्पर्शच नको असे मानीत. आज तसे मानीत नाहीत, कारण कुत्र्याला पकडता आले पाहिजे, लस टोचता आली पाहिजे, जखम पाहता आली पाहिजे. म्हणून रोज थोडा वेळ कळपातच त्याला हाताळावे, तपासावे आणि तेथेच सोडून यावे. दारात येऊन बसला तर प्रेमाने पण ठामपणे परत कळपात न्यावे.

४. जेवण वेगळ्या जागी द्यावे. मेंढ्या कुत्र्याच्या ताटात तोंड घालतात आणि कुत्रा ताट राखू लागतो. मग तो मेंढीवर गुरगुरतो आणि चूक कोणाची हे कळत नाही.

५. पाच-सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंतचा काळ सर्वांत अवघड. अंगाने कुत्रा मोठा होतो, पण मनाने पोरच असतो. खेळता खेळता तो कोकराच्या मागे धावतो, लोकर ओढतो, कान चघळतो. त्याच्या मनात वाईट नसते, पण कोकरू मरू शकते. या काळात लक्ष ठेवावे, लगेच टोकावे, गरज पडल्यास काही दिवस लांब दोरीवर किंवा दांडग्या मेंढ्यांत ठेवावे. कळपात एखादा अनुभवी मोठा कुत्रा असेल तर अर्धे काम तोच करतो. दोन समवयस्क पिल्ले मात्र नजरेआड एकत्र सोडू नयेत. ती मेंढ्यांना विसरून एकमेकांशी खेळतात आणि त्या खेळात मेंढ्याच सापडतात.

६. मेंढ्या विण्याच्या हंगामात पहिल्या वर्षी विशेष लक्ष द्यावे. वास येतो, वार पडते, नवे जीव धडपडतात, आणि कुत्रा गोंधळतो.

७. पुरता भरवसा साधारण दोन वर्षांनी ठेवता येतो. त्याआधी त्याला नालायक ठरवून हाकलून देणे म्हणजे आठवीतल्या मुलाकडून दुकान चालविण्याची अपेक्षा करण्यासारखे आहे.

अल्पाकांच्या कळपात

राखणदार कुत्रा मेंढ्यांखेरीज दुसऱ्या जनावरांतही राहतो, याचे एक चांगले उदाहरण अल्पाकांचे आहे. अल्पाका हा दक्षिण अमेरिकेतील पेरू-बोलिव्हियाच्या उंच पठारांवरचा प्राणी. लांब मानेचा, मऊ लोकरीचा, आणि उंटाच्याच कुळातला. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२४ हे वर्ष याच कुळातील प्राण्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले. म्हणजे रेबारी लोकांचा उंट आणि पेरूचा अल्पाका हे दूरचे भाऊबंद होत.

अमेरिका, ऑस्ट्रेलिया इत्यादी देशांत आज लोकरीसाठी अल्पाका पाळतात. अमेरिकेत कोयोट नावाचा कोल्ह्यासारखा प्राणी आणि मोकाट कुत्री त्यांचे शत्रू. पण येथे एक अडचण येते. अल्पाका स्वभावतःच कुत्र्याला शत्रू समजतो. कुत्रा दिसला की तो तीक्ष्ण आवाज काढून साऱ्या कळपाला सावध करतो, लाथ मारतो, थुंकतो. लहान पिल्लू त्याच्या पायांखाली तुडविले जाण्याची भीती असते. म्हणून तेथे पिल्लाला प्रथम कुंपणापलीकडे ठेवतात. आठवड्यामागून आठवडे दोघे एकमेकांना पाहतात, वास घेतात. मग एकदोन शांत, वयस्क अल्पाकांबरोबर माणसाच्या देखत सोडतात. नुकत्याच व्यालेल्या माद्यांजवळ त्याला नेत नाहीत. म्हणजे येथे कुत्र्याने कळपाला आपले मानणे पुरत नाही, कळपानेही कुत्र्याला आपले मानावे लागते. हे घाईने होत नाही.

ऑस्ट्रेलियातील वॉर्नम्बूल गावाजवळ मिडल आयलंड नावाचे लहान बेट आहे. ओहोटीच्या वेळी कोल्हे तेथे चालत जात आणि लहान पेंग्विन पक्षी मारीत. पूर्वी तेथे शेकड्यांनी पेंग्विन होते, २००५ पर्यंत दहासुद्धा उरले नाहीत. २००६ पासून तेथे मरेम्मा कुत्रे राखणीला ठेवू लागले आणि पेंग्विन पुन्हा वाढले.

राखण म्हणजे मारामारी नव्हे

पुष्कळांना वाटते की राखणदार कुत्रा लांडग्याला फाडून टाकतो. असे क्वचितच होते. कुत्रा प्रथम आपल्या वासाने हद्द आखतो. मग भुंकून सांगतो की, मी येथे आहे, मी तुला पाहिले आहे. तरीही कोणी पुढे आले तर तो कळप आणि शत्रू यांच्यामध्ये उभा राहतो. शिकारी प्राण्याला पोट भरावयाचे असते, लढाई जिंकावयाची नसते. पाय मोडला तर त्याला उपाशी मरावे लागेल. म्हणून तो माघारी फिरतो आणि रानातील शिकार शोधतो. अशा रीतीने मेंढी वाचते, कुत्रा वाचतो आणि लांडगाही वाचतो.

नामिबियात हेच झाले. १९८० च्या दशकात तेथील शेतकऱ्यांनी आपली जनावरे वाचविण्यासाठी हजारो चित्ते पकडले किंवा मारले. लॉरी मार्कर या संशोधिकेने १९९० मध्ये तेथे चित्ता संवर्धनाची संस्था स्थापन केली. १९९४ पासून ही संस्था कांगल जातीच्या कुत्र्यांची पिल्ले शेतकऱ्यांना देऊ लागली. तेव्हापासून शेकडो पिल्ले दिली गेली. ज्यांना ती मिळाली त्यांतील बहुतेकांनी जनावरांचे नुकसान फार घटल्याचे सांगितले. नुकसान घटले, म्हणून चित्त्यावर बंदूक रोखण्याचे कारण घटले. कुनोत आलेले पहिले आठ चित्ते याच देशातून आले, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

दुसरी बाजू

प्रत्येक उपायाची किंमत असते आणि तीही मुलांना सांगितली पाहिजे. मोठा कुत्रा खूप खातो. बिबट्यासमोर एकटा कुत्रा टिकत नाही, म्हणून मोठ्या कळपाला दोन-तीन कुत्रे लागतात. आणि जो कुत्रा कळप सोडून रानात भटकतो, तो स्वतःच चितळ आणि हरणांचा शत्रू होतो.

रोगाची बाब तर फार गंभीर आहे. २०१८ मध्ये गुजरातच्या गीर भागात थोड्याच आठवड्यांत वीसहून अधिक सिंह दगावले. तपासणीत त्यांच्यापैकी काहींत कॅनाइन डिस्टेंपर या रोगाचे विषाणू आढळले. हा रोग कुत्र्यांतही होतो आणि जंगलातील प्राण्यांतही जाऊ शकतो. म्हणूनच चित्ते येण्यापूर्वी कुनोच्या आसपासच्या गावांतील कुत्र्यांना लसी टोचण्यात आल्या. लस न घेतलेला कुत्रा, मग तो कितीही गुणी असो, जंगलाच्या कडेला धोकाच आहे.

माणसांसाठीही तीन गोष्टी सांगतो. कुत्र्याला तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची लस द्यावी आणि पशुवैद्यांच्या सल्ल्याने पुढेही देत राहावे. मेलेल्या मेंढीची कच्ची आतडी, काळीज वगैरे कुत्र्याला खाऊ घालू नये. त्यातून एक प्रकारचा पट्टकृमी कुत्र्याच्या पोटात जातो आणि त्याची अंडी माणसाच्या पोटात गेल्यास यकृतात, फुप्फुसांत पाण्याच्या गाठी होतात. म्हणून कुत्र्याला वेळोवेळी जंताचे औषध आणि आपल्याला साबणाने हात धुण्याची सवय, दोन्ही हवीत. कुत्रा चावलाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस घ्यावी. हळद, मिरची, चुना लावीत बसू नये. रेबीज एकदा दिसू लागला की त्याच्यावर इलाज नाही.

आपण काय करावे?

विद्यार्थ्यांनो, रस्त्यात मेंढ्यांचा कळप भेटला तर सायकलवरून उतरा. कळपाच्या मधून जाऊ नका, बाजूने हळू जा. कुत्रा भुंकत आला तर पळू नका, दगड उचलू नका. उभे राहा, त्याला तुम्हाला पाहू द्या, वास घेऊ द्या, आणि मेंढपाळाला हाक मारा. तो तुमचा वैरी नाही, तो आपले काम करीत आहे. कोकरू कितीही गोड दिसले तरी न विचारता उचलू नका.

पालकांना आमची एक विनंती आहे. आजकाल हौसेखातर शहरात फार मोठ्या, राखणीच्या जातींची पिल्ले घेण्याची पद्धत पडत आहे. अशा कुत्र्याच्या रक्तात रात्रभर फिरणे, भुंकणे आणि परक्याला अडविणे आहे. त्याला गच्चीवर साखळीने बांधले तर तो वेडापिसा होतो, आणि त्याचा दोष मग कुत्र्यावर आणि कधी शेजारच्या मुलावर येतो. ज्याच्याजवळ कळप नाही त्याने कळपाचा कुत्रा आणू नये. प्रेमच करावयाचे असेल तर आपल्या गल्लीतील एखाद्या देशी पिल्लाला लस टोचवावी, नसबंदी करवावी आणि घरात जागा द्यावी.

विश्वस्त मंडळींपुढे आम्ही एक सूचना ठेवीत आहोत. या वर्षीच्या शैक्षणिक सहलीत एक दिवस मेंढपाळांच्या तळावर घालविण्याची व्यवस्था व्हावी, आणि शाळेत एखाद्या पशुवैद्यांचे व्याख्यान ठेवावे. आपली मुले वाघर, कोकरू, लेंडीखत हे शब्द पुस्तकात वाचतात. ज्यांच्या तोंडी असे शब्द आहेत ती माणसे आपल्या शहराच्या वेशीवरून दरवर्षी जातात. ती बोलतील मारवाडी किंवा बुंदेली, पण त्यांचे जगणे आणि फलटणच्या धनगराचे जगणे वेगळे नाही. त्यांची आणि आपल्या मुलांची ओळख झाली, तर उद्या गावात चित्ता आल्याची बातमी ऐकून ही मुले दगड घेऊन धावणार नाहीत, मेंढपाळाची शेळी कशी वाचेल याचा विचार करतील.

स्वाध्याय

१. हाकणारा कुत्रा आणि राखणारा कुत्रा यांतील तीन फरक लिहा.
२. राखणदार कुत्र्याच्या तीन गुणांचा क्रम का महत्त्वाचा आहे?
३. डार्विनने पाहिलेला कुत्रा घरी भितो आणि कळपात शूर होतो. असे का, ते पाच-सहा वाक्यांत लिहा.
४. अल्पाकांच्या कळपात पिल्लू सोडताना मेंढ्यांपेक्षा अधिक काळजी का घ्यावी लागते?
५. आपल्या आजी-आजोबांना विचारा : चंपाषष्ठीला तुमच्या घरी कुत्र्याला घास घालतात का? कोणता? त्यांनी सांगितलेली माहिती दहा ओळींत लिहून वर्गशिक्षकांकडे द्यावी.
६. नकाशा : महाराष्ट्राच्या नकाशात फलटण, आटपाडी, जत, सांगोला आणि जेजुरी दाखवा. मध्यप्रदेशाच्या नकाशात कुनो आणि आलमपूर दाखवा.